सेल्फ लर्निंग आणि क्रिटिकल थिंकिंग कुठून सुरू करायचं, जरा सविस्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं दिसतंय की वय २६, बारावी कॉमर्स, गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहेस, ड्यूटी शिफ्टमध्ये, आणि आता स्वतःचं स्वतः नीट काहीतरी शिकायचंय, डोकं चालवून विचार करायला शिकायचंय, तर बिगिनरला झेपतील असे रिसोर्स हवेत, शक्यतो मराठीत. यूट्यूबवर ढीगभर प्लेलिस्ट सेव्ह आहेत पण तिसऱ्या व्हिडिओच्या पुढं काही जात नाही. कुणीतरी पाच हजाराचा एक ऑनलाइन कोर्स सांगितलाय, तो घेऊ का असंही विचारलंयस, आणि इंग्रजी कच्चं आहे ही शेवटची काळजी. मी कोल्हापुरातच ज्युनियर कॉलेजला तर्कशास्त्र शिकवते, आणि रविवारी आमचा एक छोटा अभ्यासगट चालतो, त्यात कामावर जाणारी पोरंपोरीच जास्त आहेत. त्यामुळं तुझ्यासारखी अडचण घेऊन आलेले बरेच जण जवळून बघितलेत. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आधी एक स्पष्ट सांगते, तुला रिसोर्स कमी पडलेले नाहीत. तुझ्या मोबाईलमध्ये आत्ता जेवढं सेव्ह आहे तेवढं पुरून उरेल. अडलंय ते दोन ठिकाणी. एक तर तुझ्याकडं ठरलेला प्रश्न नाही, "विचार करायला शिकायचंय" एवढ्यावरून आज रात्री वही उघडून नक्की काय करायचं ते कळत नाही, मग माणूस व्हिडिओ बघत बसतो आणि बघून झालं की शिकलो असं वाटतं. आणि दुसरं म्हणजे तुझं शिकलेलं कुणी तपासत नाही, तू स्वतःसुद्धा तपासत नाहीस. या दोन गोष्टी लागल्या की साधं पाठ्यपुस्तकसुद्धा रिसोर्स होतंय, आणि नाही लागल्या तर जगातला सगळ्यात भारी कोर्सपण तिसऱ्या व्हिडिओला अडतोय.

आता काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर "रोज पहाटे पाचला अभ्यास" हे टिकणारच नाही, त्यापेक्षा घड्याळ सोड आणि एखाद्या कामाला जोडून घे, म्हणजे ड्यूटीवरून आलो, अंघोळ झाली की अर्धा तास, मग ती दुपार असो नाहीतर रात्र. नाइट असेल त्या आठवड्यात नवीन काही वाचू नको, मागचं आठवून बघ फक्त, झोप मोडलेल्या डोक्याला नवीन काही धरत नाही. घरी निवांत जागा नसेल तर वाचनालय गाठ. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे आपल्याकडं, आणि कोल्हापुरात आहात तर अशा जागेचा उपयोग करून घ्यावा असं मी सगळ्यांनाच सांगते. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, तिथं खेड्यातल्या पोरांना राहायला जागा मिळाली आणि शेजारी अभ्यास करणारी दुसरी पोरं मिळाली. शिकायला जागा आणि सोबत लागते, हे या गावाला नव्यानं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. क्रिटिकल थिंकिंग, म्हणजे चिकित्सा करून विचार करणं, ही वेगळी सुट्टी वस्तू समजून तिच्या मागं लागू नको. मी तर्कशास्त्र शिकवते म्हणून हे जास्त खात्रीनं सांगते. वर्गात तर्कदोष, म्हणजे युक्तिवादातली चूक, ओळखा हा प्रश्न मुलं पैकीच्या पैकी सोडवतात, आणि जुलै महिना आला, पाणी वाढलं की तीच मुलं पुराचे वाट्टेल ते मेसेज पुढं पाठवतात. यात त्यांचा आळस नाही. डॅनियल विलिंगहॅम नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००७ मध्ये यावर नीट लिहिलंय, की चिकित्सा करणं हे सायकल चालवण्यासारखं एकदा आलं की कुठंही चाललं असं नसतं, ज्या विषयाबद्दल विचार करायचा त्या विषयाची माहिती डोक्यात असावी लागते. नदीच्या पातळीबद्दल काहीच माहीत नसेल तर "शंका घ्या, प्रश्न विचारा" हा सल्ला घेऊन तू काय विचारणार? त्यामुळं माझं सांगणं एवढंच की एक विषय धर, त्यातला एक प्रश्न धर, आणि त्याच्यावरच दोन्ही शीक, विषयपण आणि विचार करणंपण.

तुझ्याकडं तर विषय आयता आहे. फाउंड्रीत पावसाळ्यात ब्लो होलचं, म्हणजे ओतलेल्या धातूत गॅस अडकून पडणाऱ्या भोकांचं, रिजेक्शन वाढलं की सगळे काय म्हणतात? "पाऊस हाय, वाळू ओली." बरोबर असेलही. साच्यातल्या वाळूत ओल जास्त झाली की ओतताना वाफ होते, ती वाळूतून बाहेर पडली नाही तर धातूत अडकते, हे खरंच आहे. पण ब्लो होल ओल्या वाळूनं होतात तसे कोअर (पोकळ भागासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) नीट भाजला नसेल तर होतात, लॅडल (धातू ओतायचं भांडं) कोरडा नसेल तर होतात, साच्यातून गॅस जायला वाट कमी असेल तर होतात, धातू थंड ओतला तरी होतात. मग तुमच्याकडं होतात ते कशानं? हा झाला प्रश्न. आणि याची आकडेवारी तुझ्या हाताखालीच आहे, सँड लॅबची म्हणजे वाळू तपासणीची नोंद आहे, हीट नंबर म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक घाण्याचा नंबर आहे, रिजेक्शनचं रजिस्टर आहे.

आमच्या गटात फाउंड्रीत काम करणारा एक जण आहे, त्याच्याकडून मी हेच करून घेतलं होतं. वहीच्या एका पानावर चार चौकोन काढायचे. पावसाचा दिवस आणि रिजेक्शन जास्त, पावसाचा दिवस आणि रिजेक्शन नेहमीचं, कोरडा दिवस आणि रिजेक्शन जास्त, कोरडा दिवस आणि रिजेक्शन नेहमीचं. मागच्या रजिस्टरवरून प्रत्येक दिवस एकेका चौकोनात टाकायचा. समज १०० दिवसांपैकी ६० पावसाचे, त्यात ३० दिवस रिजेक्शन जास्त. ऐकताना वाटतं बघा, तीस वेळा पाऊस आणि तीस वेळा रिजेक्शन, सिद्धच झालं. पण कोरड्या ४० दिवसांपैकी २० दिवस जर जास्त असेल, तर पावसात निम्मे दिवस आणि कोरड्यात पण निम्मे दिवस, म्हणजे पावसाचा काही संबंध दिसत नाही. माणसाच्या लक्षात मात्र तो पहिला एकच चौकोन राहतो, कारण पाऊस आणि रिजेक्शन एकदम आलं की त्याची चर्चा होते, कोरड्या दिवशी माल चांगला आला तर कोण बोलतंय? हा चार चौकोनांचा तक्ता तू एकदा स्वतःच्या हातानं भरलास ना, की मग "अमुक केलं की तमुक बरं होतं" असं कुणीही सांगितलं, औषधाबद्दल असो, खताबद्दल असो नाहीतर क्लासच्या जाहिरातीत असो, तू आपोआप विचारशील की बाकीचे तीन चौकोन कुठायत. आणि तक्त्यात पावसाचा संबंध दिसला तरी तिथं थांबायचं नाही. पावसाळ्यात आणखी काय बदलतं ते बघ, भंगार ओलं येतं, माणसं रजेवर असतात, लाइट जाते. यातलं एकेक वेगळं काढल्याशिवाय पावसावर सगळं ढकलता येत नाही.

दुसरं एक उदाहरण पुराचंच घेते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, एवढे दोन आकडे पाठ असले तरी निम्म्या अफवा तिथंच गळून पडतात. मेसेज येतो, "राधानगरीचे दरवाजे उघडले, शहर बुडणार, सगळ्यांना पाठवा." माहिती असलेला माणूस काय करतो? त्याला ठाऊक असतं की राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपले आपण उघडतात, ते जवळजवळ दर पावसाळ्यात घडतं. मग तो विचारतो किती दरवाजे, किती क्युसेक, आत्ता पातळी किती, मेसेजवर तारीख आहे का, फोटो २०१९ चा तर नाही, आणि मग जिल्हा प्रशासनाचं त्या दिवशीचं पत्रक उघडतो. कधीकधी मेसेज खराच असतो हेही लक्षात ठेव, शंका घेणं म्हणजे सगळं खोटं म्हणणं नव्हे, २०१९ ला आणि २०२१ ला "काही होत नाही" म्हणून बसलेल्यांचे फार हाल झाले.

इंटरनेटवरची माहिती तपासायची एक सवय तर आजपासूनच लाव. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, कॉलेजचे विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट चेकर (बातमी खरी-खोटी तपासणारे) अशा तीन गटांना वेबसाइट तपासायला दिल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी ती वेबसाइटच वरपासून खालपर्यंत वाचत बसले, लोगो कसा आहे, भाषा कशी आहे. फॅक्ट चेकर काही सेकंदांत तिथून बाहेर पडले, दुसऱ्या टॅब उघडल्या आणि हे लोक कोण, यांच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघितलं, आणि कमी वेळात बरोबर उत्तरापर्यंत तेच पोचले. म्हणजे संशय आलेल्या पानावर जास्त वेळ घालवायचा नाही, बाहेर पडून त्याच्याबद्दल शोधायचं. हे मोबाईलवर जमतंय, फुकट आहे.

आणि एक खेळ सांगते, पीटर वेसन या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये केलेला प्रयोग आहे. मित्राला सांग, माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे, २, ४, ६ हे त्यात बसतात, तू दुसरे तीन आकडे सांग, मी बसतात का नाही ते सांगतो, आणि खात्री झाली की नियम ओळख. मित्र म्हणेल ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग तो छातीठोकपणे सांगेल, दोन-दोननं वाढणारे आकडे. चूक. नियम असा आहे की चढत्या क्रमानं कुठलेही तीन आकडे, १, ७, ५०० सुद्धा बसतात. वेसनच्या प्रयोगातपण बहुतेकांचं पहिलं उत्तर चुकलंच, कारण जो तो आपलं म्हणणं खरं ठरेल असेच आकडे देतो, खोटं पडेल असे देऊन बघत नाही. ६, ४, २ विचारून बघायचं फार थोड्यांना सुचतं. आमच्या गटात नवीन माणूस आला की पहिल्या रविवारी हेच करतो. त्यानंतर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं कोल्हापूर-सांगलीला पूर येतो का असा विषय निघाला, की आधी प्रत्येकानं कागदावर लिहायचं, कुठली आकडेवारी मिळाली तर मी माझं मत बदलेन. अलमट्टीची त्या-त्या तारखेची पातळी, तिथं येणारं आणि सोडलेलं पाणी, वरच्या बंधाऱ्यांवरची पातळी, आपल्या धरणक्षेत्रातला पाऊस. हे आधी लिहून ठेवलं नाही तर मग जे सापडेल ते आपल्याच बाजूचं वाटतं.

आता रिसोर्स, जे तू मुळात विचारलेस. मराठीत सुरुवातीला एकच सांगेन, बालभारतीची अकरावी आणि बारावीची तर्कशास्त्राची पाठ्यपुस्तकं. पीडीएफ फुकट उतरवून घेता येतात. कॉमर्सला असल्यामुळं तुझ्या वाट्याला आली नसतील. विधान म्हणजे काय, अनुमान कसं काढतात, युक्तिवाद कशानं पडतो, आणि तर्कदोष, एवढं आधी वाच, सत्यता कोष्टकं आणि चिन्हांचा भाग पहिल्या वाचनात सोडला तरी चालतंय. कुठल्याही विषयाची पहिली ओळख करून घ्यायला मराठी विश्वकोश, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेलं काम आहे, पहिला खंड १९७६ चा, आता सगळं ऑनलाइन मोफत वाचता येतं. भाषा थोडी जड वाटेल पण नोंद मुद्देसूद असते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मुळात घरी बसून एकट्यानं शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली असतात, म्हणून मला ती आवडतात. गणित कच्चं असेल तर खान अकॅडमी ही मोफत वेबसाइट, लाज न बाळगता सहावी-सातवीच्या टक्केवारीपासून धर, वरच्या चौकोनांना तेवढंच लागतंय. तुझ्या कामाच्या विषयाला एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन लेक्चर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची कास्टिंगवरची लेक्चर्स आहेत, इंग्रजीत आहेत, पण तुला शब्द ओळखीचे असतील.

यातलं एका वेळी एकच घे. बाकीच्या प्लेलिस्ट डिलीट नको करू, पण एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून दे आणि ठरवलेलं संपेपर्यंत उघडू नको.

वाचायचं कसं हे मात्र नीट ऐक, निम्मी लोकं इथंच गळतात. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं गेले. व्हिडिओ बघून "कळलं" असं जे वाटतं ते त्या पाच मिनिटांचं वाटणं आहे. म्हणून दोन पानं वाच, पुस्तक मीट, आणि कोऱ्या पानावर स्वतःच्या भाषेत लिही, अगदी कोल्हापुरी बोलीत लिहिलंस तरी बिघडत नाही. जिथं पेन अडेल तिथं समजलेलं नाही, तेवढंच परत वाच. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा, न बघता. अँड्रॉइडवर अंकी नावाचं मोफत अॅप आहे ते या पुन्हा-पुन्हाच्या तारखा सांभाळतं, पण वही असली तरी भागतंय.

चॅटजीपीटीसारखी साधनं वापरू का असंही पुष्कळ जण विचारतात. वापर, पण उत्तर विचारायला नको, परीक्षा घ्यायला वापर. तू लिहिलेलं त्याला दे आणि सांग यावर मला पाच प्रश्न विचार, माझ्या युक्तिवादातली कच्ची जागा दाखव. तारीख, आकडा, नाव सांगितलं तर ते बाहेर तपासल्याशिवाय वहीत उतरवू नको, कारण चुकीचं असलं तरी ते तितक्याच ठामपणे सांगतं.

सोबतीचं म्हणशील तर दहा जण नको, एक पुरे. शिफ्टमधलाच एखादा असला तरी चालतंय. आमच्या गटात एक नियम आहे तो तुम्हीपण लावा, समोरच्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो "होय, मला हेच म्हणायचं होतं" म्हणाला की मगच आपलं बोलायचं. पहिल्या काही वेळा हे फार अवघड जातं, कारण आपण समोरच्याचं ऐकतच नसतो हे तेव्हा कळतं. आणि नवीन नवीन तर्कदोष शिकलास की जेवायच्या वेळी वडिलांचे, काकांचे तर्कदोष काढत बसू नको. त्यातून कुणाचं मत बदलत नाही, घरात नुसती कटकट होते, आणि तुझं शिकणं तिथंच बदनाम होतं. सहा महिने फक्त स्वतःच्या मतांवर वापर.

आता तो पाच हजाराचा कोर्स. माझं मत, आत्ता नको. यावर एक अभ्यास बघण्यासारखा आहे, हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकन विद्यापीठांच्या, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे साधारण ३ टक्केच होते. पैसे भरून सर्टिफिकेटसाठी बसलेल्यांमध्ये मात्र ते प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. हे वाचून कुणीही म्हणेल, मग पैसे भरूया की, पूर्ण होईल. इथंच थांबून विचार कर. पैसे भरल्यामुळं पूर्ण झालं, का ज्यांचं पूर्ण करायचं आधीच ठरलेलं होतं त्यांनीच पैसे भरले? नुसत्या या आकड्यांवरून ते ठरत नाही. तू तीन महिने एक पुस्तक वहीत आठवून लिहून संपवलंस, आणि त्यानंतर एखादी ठरावीक गोष्ट शिकायला शिक्षक हवाच असं वाटलं, तर तेव्हा भर पैसे. तेव्हा तुला कोर्सच्या जाहिरातीला काय विचारायचं तेही कळलेलं असेल.

इंग्रजीची काळजी मी शेवटी ठेवली कारण ती तू मानतोस तेवढी मोठी नाही. विचार करायची सवय मराठीतच लागू दे, त्याला इंग्रजी अडत नाही. पण फक्त मराठीवर थांबूही नको, कारण पुढच्या टप्प्याचं साहित्य इंग्रजीत जास्त आहे हे खरंय. तुझ्या कामातलं इंग्रजी आधी घे. सँड, मॉइश्चर, परमीअॅबिलिटी, कोअर, डिफेक्ट हे शब्द तू रोज बोलतोस. ब्लो होलवरचं इंग्रजीतलं एक पान घे, विषय माहीत असल्यामुळं वाक्याचा अंदाज येतो, अडलेले शब्द वहीत मागच्या बाजूला लिही. असं एक पान आठवड्याला झालं तरी पुष्कळ. त्याच्या आधी मात्र रजिस्टर घेऊन तो चार चौकोनांचा तक्ता भर, सुपरवायझरला विचारूनच कर, कंपनीचे आकडे बाहेर टाकू नको. फक्त चार चौकोनांतलं प्रमाण काय निघालं आणि तुला त्यावरून काय वाटतं तेवढं इथं लिही, मग पुढचं बघू.